मातोश्रींसह माणसे बारा

रविवारी सना आली आणि जाताना डायनिंग टेबलवर एक प्लास्टिकचा डबा ठेवून गेली. ती कधी रिकाम्या हातानं येत नाही, त्यामुळे बिर्याणी असणार असं धरूनच मी झाकण उघडलं. आतून जुन्या कागदांचा वास आला. वाळलेला कडुलिंब, धूळ, आणि सगळ्याच्या खाली खसाच्या अत्तराचा अगदी पुसट माग. चाळीसेक वर्षांत हा वास मला कुठे आला नव्हता. मी खुर्ची ओढली आणि बसून राहिले.

दारातच तिनं सांगितलं होतं. "मावशी, अब्बांच्या गराजमध्ये मिळालं. तू दादांना वाचून दाखवायचीस ना, तेच पेपर्स. मला फक्त लास्ट लेटर हवंय, इंग्लिशमध्ये. मुलांना दाखवायचंय. द वन व्हेअर ही गेट्स टु गो." पुढच्या रविवारी येते म्हणाली आणि मुलीच्या सॉकरला उशीर होतोय म्हणून पळाली. इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत जो तो कुठेतरी पोचायच्या घाईत असतो.

त्या शेवटच्या पत्रात तसं काहीही नाही. सनाच्या आजोबांचे आजोबा मक्केला गेले, असं तिला वाटतं. ते गेलेच नव्हते. हे गुपित आमच्या दोघांचं होतं, माझं आणि तिच्या वडलांचं, सलीमचं. सलीम गेल्या वर्षी वारला. आता मी एकटीच उरले.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आम्ही अर्विंगला होतो. विटकरी रंगाच्या दोन मजली अपार्टमेंट्सचं कॉम्प्लेक्स, मधोमध पार्किंग, कोपऱ्यात लाँड्रीरूम. यांना नोकरी होती, माझ्या व्हिसावर मला ती करायची परवानगी नव्हती. दिवसभर मी, ते चॉकलेटी कार्पेट आणि खिडकीत घरघरणारा एसी. ड्रायरमधून निघणारी गरम, साबणाच्या वासाची हवा सगळ्या आवारात फिरत असायची. आजही कुठे तो वास आला की मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला रडू येतं. तेव्हा येत होतं तसंच, काही कारण नसताना.

त्या लाँड्रीरूममध्येच मी जहागीरदारकाकांना पहिल्यांदा पाहिलं. पांढरीशुभ्र दाढी, काळी टोपी, थंडीचे दिवस म्हणून वर मुलाचं फुगीर निळं जॅकेट. ड्रायरच्या काचेतून स्वतःचा पायजमा गरगर फिरताना बघत उभे होते. माझं कुंकू बघितलं असावं, कारण मान न वळवता अस्सल मराठीत म्हणाले, "किती वेळ धिंड काढणार हो याची?" मी इतकी हसले की हातातली कपड्यांची टोपली पडली. अमेरिकेत आल्यापासून मी तशी हसले नव्हते.

सलीम हा त्यांचा एकुलता एक मुलगा, इंजिनिअर, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायचा. बायको रेहाना आणि चार वर्षांची सना. मंडळी आमच्या सांगलीकडची. काकांची पत्नी गेल्यावर सलीमनं त्यांना इकडे आणलं होतं, आणि आल्या आल्या त्यांच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. आडनाव जहागीरदार, पण जहागिरीतलं त्या आडनावाशिवाय काही शिल्लक नव्हतं. म्हणजे अगदीच नाही असं नाही. एक रुमाल होता.

रुमाल म्हणजे दफ्तरातला रुमाल, कागद बांधून ठेवायचं जाडं कापड. त्यात काकांच्या आजोबांच्या वेळचे कागद होते, सगळे मोडीत. काकांना मोडी येत नव्हती. माझे वडील सरकारी दफ्तरात मोडी वाचायचे आणि सुट्टीत मला समोर बसवून शिकवायचे, हे बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं.  शनिवारी सकाळी दहाला बेल वाजली. काका दारात उभे, काखेत तो रुमाल, एका हाताला सना आणि तिच्या हातात रंगीत खडूंचा डबा.

त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. आजोबा हजला गेले होते की नाही?

"माझे वडील म्हणायचे, गेले होते. आमच्या फुफी, म्हणजे आत्या, म्हणायच्या, गेलेच नाहीत, साहेबानं सोडलं नाही. दोघंही अल्लाकडे गेली. आता हे कागद काय म्हणतात ते तू सांग पोरी."

जहागीरदाराला तेव्हा उठून परदेशी जाता येत नव्हतं. पोलिटिकल एजंट म्हणून इंग्रज साहेब असायचा, त्याची रजा लागायची. रुमालात त्या साहेबाला केलेल्या अर्जांच्या नकला आणि त्याची उत्तरं होती. काकांनी स्वतःचा हज केव्हाच केला होता, बायकोला घेऊन, मुंबईहून बोटीनं. पण ज्याचा राहून गेला त्याच्या नावानं दुसऱ्यानं हज करायचा, असं त्यांच्यात आहे. स्वतःचा झालेल्या माणसानंच तो करायचा. "आजोबांचा राहिला असेल तर तो माझ्याकडे लागतो," ते म्हणाले. त्या वर्षी बकरीद, म्हणजे हजची वेळ, ऑगस्टात येत होती. ह्यूस्टनहून एक ग्रुप निघणार होता आणि त्यांनी सलीमला आपलं नाव घालायला लावलं होतं. आजोबा गेले होते असं निघालं तर नाव काढायचं, गेले नव्हते असं निघालं तर जायचं. असा सगळा हिशेब त्या रुमालाच्या गाठीत बांधलेला होता.

आमचे शनिवार सुरू झाले. काका माझ्या सोफ्यावर कधी बसले नाहीत. खाली धुतलेली चादर पसरायची, हात धुऊन यायचं, मांडी घालायची, मग गाठ सोडायची. गाठ सुटली की तो कडुलिंबाचा वास खोलीभर व्हायचा. माझ्या फोडणीचा, एसीचा, कार्पेटचा वास मागे हटायचा आणि तासभर मी टेक्सासात नसायचे. सना पोटावर पडून रंगवायची. ती अधूनमधून "व्हॉट डज इट से?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा रंगवायला लागायची.

मला घाई असायची. मोडीत पत्राचा मायना, म्हणजे सुरुवातीचं संबोधन, चांगलं पाच-सहा ओळींचं असतं. मी तो गाळून मुद्द्यावर यायला बघायची. काका हात वर करायचे. "मायना सोडायचा नाही. ते पण वाच." मग मी सगळं वाचायची. त्यात आजोबांचं नाव आलं की काका पाठ ताठ करून शर्टाचं वरचं बटण लावायचे. साहेबाचं उत्तर आलं की ते बटण सोडायचे आणि खिडकीबाहेर पार्किंगकडे बघत ऐकायचे.

पहिला अर्ज मला आजही पाठ आहे. "आमचे मातोश्रींचे मनी मक्केशरीफची जियारत करावी असे बहुत दिवसांपासून आहे. त्यांचे वय जाहले. सबब हुजुरांनी रजा बक्षावी. मातोश्रींसह माणसे बारा." खाली बाराही माणसांची यादी. त्यात बेगमसाहेबा, दोन मुलगे, हकीम, आचारी, पाणी वाहणारा पखालजी. काकांनी ती यादी तीनदा वाचायला लावली. त्यांचं घर त्यांच्या समोरून चालत जात होतं, त्यांच्या जन्माच्याही आधीचं, सगळं सामान घेऊन.

साहेबाचं उत्तर आलं होतं, बारा माणसं कशाला याचा खुलासा यावा. पुढच्या वर्षीच्या अर्जात माणसं नऊ. उत्तर, मागे कारभार कोण पाहणार ते कळवावं. ते कळवलं. उत्तर, हत्यारं किती नेणार? एकही नाही, असं कळवलं, तोवर बोटी निघून गेल्या होत्या. एका वर्षी मुंबईत प्लेग. एका वर्षी साहेब स्वतःच विलायतेला रजेवर. त्याला मात्र रजा मिळाली होती. हे मी वाचताना म्हणाले तेव्हा काका हसले, आणि मग टोपी काढून कितीतरी वेळ डोक्यावरून हात फिरवत राहिले.

एप्रिलात हमरस्त्याच्या कडेची निळी रानफुलं फुलली होती. त्या शनिवारी मी नवा कागद उलगडला आणि मायन्यानंतरच्या दुसऱ्याच ओळीत वाचलं, "मातोश्री पैगंबरवासी जाहल्या. सबब आता माणसे चार." वाचून झाल्यावर मला कळलं की मी काय वाचलं. काकांनी डोळे मिटले होते. त्यांचे ओठ हलत होते. शंभरेक वर्षांपूर्वी गेलेल्या म्हातारीसाठी ते अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये दुआ मागत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सनानं रंगवायचं थांबवलं. "दादा, हू डाइड?" ते म्हणाले, "तुझी एक आजी, बेटा. बिचारीला जायचं होतं."

मे महिन्यात रोजे होते. काका चहा घेत नसत, म्हणून मीही कप आत ठेवून द्यायची. ईदला रेहानानं शीरखुर्मा पाठवला, त्यात इथले बदाम आणि टेक्सासचे पिकान. नंतर कधीही मी पिकान खाल्ला की त्या शीरखुर्म्याची चव आठवते, आणि पुढचं सगळं आठवतं.

कारण ईदनंतरच्या गुरुवारी सलीम वर आला. एकटाच. उभ्याउभ्या बोलला.

"ताई, किती पत्रं राहिली?"

"एकच."

"त्यात काय असेल ते असो. तुम्ही सांगा, आजोबा गेले होते. प्लीज. डॉक्टरनं साफ नाही म्हटलंय. ती गर्मी, ती गर्दी, ही विल डाय देअर. मी सांगून थकलो यार. माझं ऐकत नाहीत. कागदाचं ऐकतील."

मी म्हटलं, बघते. नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बापाच्या काळजीनं इतका बारीक झाला होता, आणि मला काकांना तर मुळीच गमवायचं नव्हतं. त्या देशात माझ्याशी माझ्या भाषेत थट्टा करणारं तेवढं एकच माणूस होतं.

शनिवारी मी तो शेवटचा कागद उघडला आणि आधी मनातल्या मनात वाचला. अर्ज नव्हताच तो. "आता आमचे वय व प्रकृती पाहता जाणे घडणार नाही. आजपावेतो वारंवार अर्ज करून हुजुरांस तसदी दिली, त्याची माफी असावी." बस. ज्या माणसाला सोडलं नाही, त्यानंच साहेबाची माफी मागितली होती. काका वरचं बटण लावून बसले होते. त्यांच्या आजोबांनी असं हात जोडून माफी मागितली, हे त्या ताठ पाठीला मी कुठल्या तोंडानं वाचून दाखवणार होते?

मी वाचायला लागले. कागदावर नजर ठेवून, कागदावर नसलेलं. मोडीतली ती भाषा तोवर माझ्या जिभेवर बसली होती, त्यामुळे अडखळलेही नाही. "हुजुरांनी मेहेरबानी करून रजा बक्षिली. मुंबई बंदरी आगबोटीत जागा मिळाली. समुद्र शांत आहे. मातोश्रींसह माणसे बारा सुखरूप रवाना जाहलो."



"मातोश्रीसुद्धा?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "त्यासुद्धा."

काका माझ्याकडे बघत राहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता. मग त्यांनी बटण सोडलं, कागद माझ्या हातून घेतले, नीट सारखे केले आणि रुमालाला गाठ मारली. "बरं झालं," म्हणाले. "सलीमला सांग, नाव काढून टाक म्हणावं." सनाचे खडू त्यांनी एकेक करून डब्यात भरले आणि तिचं बोट धरून जिना उतरले.

संध्याकाळी भांडी घासताना माझा हात थांबला. मातोश्री एप्रिलातच गेल्या होत्या. मीच वाचलं होतं. काकांनी त्यांच्यासाठी दुआ मागितली होती, आणि मी त्यांना बोटीत बसवून मक्केला पाठवलं होतं. मला ती पहिली यादी आवडायची, बारा माणसांची. खोटंच बोलायचं तर सगळ्यांनाच नेऊ या, असं कुठेतरी माझ्या मनानं केलं असावं. हे म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाच्या नाही लक्षात येत एवढं." काकांच्या लक्षात येत नाही! त्यांना प्रत्येक पत्राचा मायना तोंडपाठ होता.

त्यांना कळलं होतं. मी खोटं वाचलं, ते कुणी वाचायला सांगितलं, आणि खरं काय असणार, हे सगळं त्या एका प्रश्नात त्यांना कळलं होतं. तरीही ते म्हणाले, नाव काढून टाक. मुलगा नको म्हणतो आहे आणि त्यासाठी त्यानं शेजारच्या पोरीला खोटं बोलायला लावलं आहे, म्हणजे प्रश्नच संपला. त्यांच्या आजोबांना साहेबानं परवानगी नाकारली, आणि काकांना मी. साहेबानं निदान खुलासे मागितले होते. मी तेही केलं नाही.

खाली जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, काका, चुकले. पंधरा पायऱ्या होत्या. तेव्हा अजून ग्रुप निघायला महिना होता. मी गेले नाही. सलीम खूश होता, रेहानानं मिठाई पाठवली, सगळं कसं छान झालं असं सगळे म्हणत होते, आणि मला लाज वाटत होती. शनिवारी दहाला मी चादर पसरून ठेवली. बेल वाजली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मग मी चादर पसरायचं बंद केलं.

बकरीदला ते लॉनवर खुर्ची टाकून बसलेले दिसले. रातकिडे दिवसाही ओरडत होते, ऊन नुसतं भाजत होतं. मी जवळ गेले. त्यांनी माझी, माझ्या आईवडलांची खुशाली विचारली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. कागदांचं नाव काढलं नाही. थट्टाही केली नाही. मला वाटतं, त्या खोट्यानं मी जे काही गमावलं, त्यात ती थट्टा सगळ्यात आधी गेली.

नोव्हेंबरात, पहिली थंडी पडली त्या आठवड्यात, काका झोपेत गेले. ज्या प्रवासापासून त्यांचं हृदय जपायचं होतं, त्याचे दिवस केव्हाच उलटून गेले होते. हजला गेले असते तर कदाचित तिथेच गेले असते. आजोबांच्या नावानं, पांढऱ्या कपड्यांत, त्यांना पाहिजे त्या ठिकाणी. सलीम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, निदान शांतीनं गेले." मी मान हलवली. त्याला मी ते मातोश्रींचं कधीच सांगितलं नाही. त्या अपार्टमेंट्सच्या जागी आता मोठं देशी ग्रोसरी स्टोअर आहे. तिथे कोथिंबीर ताजी मिळते तरी मी जात नाही.

आठवडाभर डबा टेबलावर होता. सनाला हवं तसं इंग्रजी पान लिहून देणं अवघड नव्हतं. एकदा रचलेलं पुन्हा रचायचं. मी दोनदा पेन घेऊन बसलेसुद्धा. शेवटी जे पत्रात होतं तेच लिहिलं, माफीसकट.

आज ती आली. मी पान तिच्या हातात दिलं आणि ती वाचत असतानाच सगळं सांगून टाकलं. शेवटचा शनिवार, सलीमचं येणं, बोट, मातोश्री, आणि काकांचं ते बघणं. सलीमला वाचवून सांगावं असं आधी ठरवलं होतं, पण पुन्हा खोटं बोलायचं माझ्यात त्राण नव्हतं.

"सो ही नेव्हर वेंट," ती म्हणाली.

"नाही."

"अँड दादा न्यू?"

"हो."

ती उठून खिडकीशी गेली. "यू शुड हॅव टोल्ड हिम, मावशी." मी म्हटलं, हो. "अब्बांनी पण." हो. ती रडत होती. मी तिच्याजवळ गेले नाही, मला तो हक्क नव्हता. बऱ्याच वेळानं ती परत येऊन बसली, पर्समधून डायरी काढली आणि नाक पुसून म्हणाली, "मी माझा हज केलाय. पाच वर्षं झाली. सो आय कॅन गो फॉर हिम. त्यांचं पूर्ण नाव सांग. नाव घेऊन निय्यत करायची असते, संकल्पासारखी."

मी पहिल्या अर्जाचा मायना वाचला, एक शब्दही न सोडता. मुर्तुजाखान वलद दिलावरखान जहागीरदार. वलद म्हणजे मुलगा, मी समजावून सांगितलं, दिलावरखानांचा मुलगा. तिनं इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलं.

"आणि त्यांची आई? माझ्या नवऱ्याचाही हज झालाय. तो तिच्यासाठी करेल. तिचं नाव काय?"

मी यादीवरून बोट फिरवलं. हकिमाचं नाव होतं. आचाऱ्याचं होतं. पखालजीचंही होतं, त्याच्या बापाच्या नावासकट. मी दुसरा अर्ज उघडला, मग तिसरा, मग ती वारल्याचा कागद. प्रत्येक ठिकाणी मातोश्री. काकांना माहीत असणार. ते किती शनिवार माझ्या समोर बसले होते, आणि मी तो शब्द इतक्या वेळा मोठ्यानं वाचूनही एकदा विचारलं नाही.

सना पेन धरून थांबली होती.

"नाही गं," मी म्हटलं. "लिहिलेलंच नाही."